वाय-फायचा जमाखर्च

घरातल्या वाय-फाय राउटरच्या अँटेनातून हवेत सोडली जाणारी शक्ती साधारणपणे १०० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा दहावा भाग असते; रात्री लावून ठेवलेला झिरोचा दिवासुद्धा याहून जास्त वीज घेतो. वरच्या मजल्यावर, दोन भिंतींपलीकडे ठेवलेल्या मोबाइलपर्यंत त्यातले जे पोहोचते ते एका मिलिवॅटचा एक कोटीवा भाग इतके क्षीण असू शकते, आणि तरीही त्यावर चित्रपट न अडखळता चालतो. सोडलेल्या शक्तीचा फक्त एक अब्जावा हिस्सा हाती येऊनही काम भागते, याची बिनतारी जाळे आखणाऱ्या अभियंत्याला सवय असते. शक्ती वाटेत जाणारच, हे तो गृहीत धरतो. ती कुठे किती गेली, अँटेनाने त्यातली किती भरून काढता येते आणि शेवटी उरलेली शिल्लक गोंगाटाच्या किती वर राहते, याचा जमाखर्च तो मांडतो. तो नीट मांडला की असे दिसते की ट्रान्समीटरची शक्ती वाढवणे हा सर्वांत आधी सुचणारा उपाय बहुतेक वेळा सर्वांत कमी उपयोगाचा असतो.

कोटी-अब्जांचे गुणाकार-भागाकार टाळण्यासाठी हा हिशेब डेसिबलमध्ये करतात. शक्ती दहापट झाली की १० डेसिबल मिळवायचे, दुप्पट झाली की सुमारे ३ डेसिबल मिळवायचे, आणि घटली तर तेवढेच वजा करायचे; त्यामुळे सगळा व्यवहार बेरीज-वजाबाकीवर येतो. एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम असे ठरले आहे. त्यामुळे १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम, तर मिलिवॅटचा एक कोटीवा भाग म्हणजे उणे ७० डीबीएम. वरच्या उदाहरणात राउटरपासून मोबाइलपर्यंत एकंदर ९० डेसिबल खर्ची पडले. मोबाइलवरील एखादे वाय-फाय तपासणारे ॲप उणे ५० आणि उणे ८० असे आकडे दाखवते, तेव्हा त्यांतला फरक किरकोळ वाटतो; प्रत्यक्षात दुसरा संदेश पहिल्याहून हजारपट दुबळा असतो.

या खर्चाची पहिली बाब म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत लहरी पसरत जातात, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की हाती येणारी शक्ती चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबल कमी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर असते आणि तिच्यासाठी पहिल्या एका मीटरमध्येच सुमारे ४० डेसिबल जातात. पुढे १० मीटरवर हा खर्च ६० डेसिबल होतो आणि १०० मीटरवर ८०. सर्वांत मोठा फटका अगदी सुरुवातीला बसतो आणि त्यानंतर अंतर तुलनेने स्वस्त पडते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हाच खर्च सुमारे ७ डेसिबल अधिक येतो, आणि त्यावरून ‘जास्त वारंवारतेच्या लहरी हवेत लवकर विरतात’ असा समज पसरला आहे. या दोन पट्ट्यांपुरता तो चुकीचा आहे. हवा त्या लहरी जवळपास शोषतच नाही. वारंवारता वाढली की लहर आखूड होते आणि तिच्यासाठी बनवलेली तशाच जातीची अँटेनाही लहान होते. लहान अँटेना वाऱ्यावरची कमी शक्ती गोळा करते, आणि सूत्रात दिसणारा जादा खर्च तो हाच. दोन्ही टोकांना अँटेना म्हणून सारख्याच व्यासाच्या तबकड्या (डिश) बसवल्या, तर उलट वरचीच वारंवारता फायद्याची ठरते. हवेचे खरेखुरे शोषण पाहायचे असेल तर ६० गिगाहर्ट्झच्या आसपास जावे लागते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात ज्या मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले, तोच हा प्रदेश. तेथे ऑक्सिजनचे रेणू दर किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल गिळतात. पावसाचा त्रासही साधारण १० गिगाहर्ट्झच्या वरच जाणवू लागतो.

घरात मात्र अंतरापेक्षा भिंती महाग पडतात. साध्या विटांच्या भिंतीत ५ ते १० डेसिबल जातात, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट स्लॅबमध्ये त्याहून अधिक, आणि लोखंडी कपाटापलीकडे तर जवळपास काहीच जात नाही. पाण्याची टाकी, मत्स्यपेटी आणि माणसांची गर्दी याही लहरी शोषणाऱ्याच वस्तू. वरच्या उदाहरणातले ९० डेसिबल असेच जमतात: १० मीटर अंतराचे ६० आणि दोन भिंती व एक स्लॅब मिळून ३०. राउटर दोन फूट सरकवून एक भिंत टाळता आली, तर जे मिळते ते शक्ती पाचपट करूनही मिळत नाही, असे अनेकदा होते.

आता शक्ती वाढवून पाहू. समजा, २० डीबीएमच्या राउटरऐवजी कोणी ५०० मिलिवॅटचा, म्हणजे २७ डीबीएमचा राउटर आणला. मोबाइलला आता उणे ६३ डीबीएमचा संदेश मिळतो आणि पडद्यावरच्या रेघा पूर्ण भरतात. पण वाय-फाय हा दुतर्फा संवाद आहे. प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच मोबाइलला उलट द्यावी लागते, आणि त्याच्या इवल्या अँटेनातून निघणारी शक्ती १५ डीबीएमच्या आसपासच राहते, कारण बॅटरीचा विचार त्याला करावा लागतो. ती पोच राउटरकडे उणे ७५ डीबीएमने येते, राउटर कितीही दणकट असला तरी. रेघा भरलेल्या आणि इंटरनेट मात्र रखडलेले, या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा हे एकतर्फी बळ असते. बाजारात ‘हाय पॉवर’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या राउटरच्या खोक्यावर या उलट्या वाटेचा उल्लेख कधी नसतो.

जमाखर्चाची शिल्लक कशाच्या तुलनेत मोजायची, तर गोंगाटाच्या. तापमान असलेल्या प्रत्येक वस्तूतील इलेक्ट्रॉनांची हालचाल रेडिओलहरींच्या रूपाने सतत एक बारीक खळखळ निर्माण करत असते. नेहमीच्या तापमानाला ती दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम इतकी असते. वाय-फायच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये ती जमून उणे १०१ डीबीएम होते, आणि रिसीव्हरच्या स्वतःच्या मंडलाची भर पडून ती उणे ९५च्या आसपास स्थिरावते. उणे ७० डीबीएमचा संदेश या तळापासून २५ डेसिबल वर असतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की ठरावीक रुंदीच्या चॅनेलमधून किती माहिती बिनचूक पाठवता येईल याची कमाल मर्यादा याच फरकावर अवलंबून असते. म्हणून राउटर आणि मोबाइल परिस्थिती पाहून वेग बदलत राहतात: फरक ३० डेसिबलच्या पुढे असेल तर एकेका चिन्हात आठ बिट कोंबायचे, आणि तो पाच-सहावर आला तर एकावर समाधान मानायचे. चॅनेल २०ऐवजी ८० मेगाहर्ट्झचा केला की वेग वाढण्याची शक्यता चौपट होते खरी, पण गोंगाटही ६ डेसिबलने वाढतो. जवळच्या खोलीत हा सौदा परवडतो, दूरच्या खोलीत नाही.

शहरातल्या इमारतीत निसर्गाच्या गोंगाटापेक्षा शेजाऱ्यांचा गोंगाट मोठा असतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. त्यात भारतात १३ चॅनेल मिळतात खरे, पण त्यांच्यातले अंतर प्रत्येकी फक्त ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झच्या वर, त्यामुळे एकमेकांना न चाटणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच उरतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. शेजारी १ आणि ६ वर आहेत म्हणून मधला ३ निवडणारा माणूस स्वतःला हुशार समजतो, पण तो दोघांनाही अडवतो. एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचे संदेश ओळखून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चाटणाऱ्या चॅनेलवरचे बोलणे त्यांना ओळखता येत नाही आणि ते निव्वळ गोंगाट म्हणून अंगावर येते. शक्ती वाढवण्याचा दुसरा तोटा येथेच दिसतो. राउटर जितका दूर ऐकू जाईल तितक्या अधिक यंत्रांना त्याच्यासाठी थांबावे लागेल. महाविद्यालय किंवा कार्यालयाचे जाळे आखताना जाणकार अभियंता म्हणूनच थोड्या शक्तीचे अनेक राउटर लावतो, आणि भिंतींचा अडसर हिशेबात आपल्या बाजूने वापरतो. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली, तेव्हाही माणसांच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर असणे आणि भोवतीच्या डोंगरांची आड मिळणे, या गोष्टींना महत्त्व होते.

खरी कसोटी लागते ती दूरच्या दुव्यात. समजा, १० किलोमीटर अंतरावरची दोन गावे ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात जोडायची आहेत. अंतराचा खर्च १२८ डेसिबल. भारतीय नियमांनुसार अँटेनाचा गेन, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटल्याने मिळणारी वाढ, धरून एका दिशेने सोडायची शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएमच्या वर जाता कामा नये. २५ डेसिबल गेनची तबकडी आणि केबलमध्ये २ डेसिबलचा तोटा धरला, तर ट्रान्समीटर १३ डीबीएमवर, म्हणजे अवघ्या २० मिलिवॅटवर ठेवावा लागतो. पलीकडची तशीच तबकडी २५ डेसिबल परत मिळवून देते, केबल २ खाते, आणि रिसीव्हरपाशी उणे ६९ डीबीएम उरतात. रिसीव्हरला हव्या त्या वेगासाठी उणे ८५ पुरत असतील तर १६ डेसिबलची राखीव शिल्लक राहते, आणि हवामानाच्या चढउतारांसाठी एवढी हवीच. या हिशेबातली सुंदर गोष्ट अशी की कायदा सोडायच्या शक्तीला मर्यादा घालतो, ऐकण्याला नाही. मोठी तबकडी लावून ट्रान्समीटर मंद केला की मर्यादाही पाळली जाते, दूरचे क्षीण बोलणेही ऐकू येते आणि आजूबाजूचा गोंगाटही कमी पकडला जातो.

कागदावर जमलेला हा दुवा प्रत्यक्षात फसतो तो बहुधा उंचीमुळे. दुर्बिणीतून पलीकडचा मनोरा दिसला म्हणजे वाट मोकळी आहे, असे मानणे धोक्याचे असते, कारण लहर रेघेसारखी जात नाही. तिला दोन टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असा पट्टा लागतो. त्याला फ्रेनेलचा पट्टा म्हणतात. १० किलोमीटरच्या या दुव्यात मध्यभागी त्याची त्रिज्या ११ मीटरच्या पुढे जाते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे ७ मीटर, मोकळा असावा लागतो. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्ये दीड मीटर फुगवटा येतो. झाडांच्या शेंड्यांपासून साडेआठ मीटर वर रेघ गेली तरच हिशेब खरा ठरतो. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात एप्रिल-मेमध्ये केलेली पाहणी तर हमखास फसवी निघते: उघड्या सागांमधून झकास चालणारा दुवा आषाढात ओल्या पानांनी अडतो, आणि दोष पावसावर जातो, जो या वारंवारतेला जवळपास निरुपद्रवी आहे.

वाट खरोखर मोकळी असेल तर काय होते, हे व्हेनेझुएलातील एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दाखवले. एल आगिला या चार हजार मीटरहून उंच शिखरापासून त्यांनी ३८२ किलोमीटर दूरपर्यंत वाय-फायचा दुवा चालवला. १० किलोमीटरच्या तुलनेत हे ३८ पट अंतर, पण त्याचा जादा खर्च फक्त ३२ डेसिबल, म्हणजे मघाच्या त्या दोन भिंती आणि एका स्लॅबइतका, आणि तेवढा मोठ्या तबकड्यांनी भरून निघतो. शिखर लागले ते पृथ्वीचा फुगवटा ओलांडण्यासाठी, जो एवढ्या अंतरावर मध्यभागी सुमारे २,१०० मीटर होतो. दुसरी अडचण वेळेची होती. प्रकाशाच्या वेगानेही हे अंतर कापायला १.२७ मिलिसेकंद लागतात, तर घरांसाठी आखलेले वाय-फाय पोचीची वाट त्याच्या पुष्कळ आधीच सोडून देते आणि तोच तुकडा पुन्हा पाठवू लागते. त्यासाठी उपकरणांमधील नियम बदलावे लागले. १० किलोमीटरच्या दुव्यातही जाऊन-येऊन ६७ मायक्रोसेकंद लागत असल्याने राउटरमधील अंतराची सेटिंग बदलावी लागते; ती विसरली तर संदेश भक्कम असूनही दुवा रडतखडत चालतो.

जेथे शिखर नाही आणि झाडी टाळता येत नाही, तेथे वारंवारताच खाली आणावी लागते. पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा टीव्हीचा पट्टा वापरून पाहिला. भारतात मनोऱ्यांवरून टीव्ही प्रक्षेपण करणारे दूरदर्शन एकटेच असल्याने हा पट्टा बहुतेक ठिकाणी रिकामाच पडून असतो. अर्ध्या मीटरहून लांब असलेल्या या लहरी पानांमधून आणि उंचवट्यांच्या कडेने बऱ्याच सुलभपणे जातात. त्याची किंमतही आहे: अँटेना मोठी होते, आणि चॅनेल अरुंद असल्याने वेग मर्यादित राहतो. म्हणून गावापर्यंतची झाडीतली मजल टीव्हीच्या पट्ट्यावर काढायची आणि गावात पोहोचल्यावर लोकांच्या हातातल्या मोबाइलसाठी नेहमीचे वाय-फाय लावायचे, अशी विभागणी तेथे केली गेली.