ट्रेडमार्कचा ‘वापर’: नूतनीकरणाची पावती आणि रद्दीत गेलेली बिलं

सांगलीच्या मार्केट यार्डात ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट गणपतीच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलेलं दिसतं. दर दहा वर्षांनी फी भरली की नाव आपलं, ही समजूत पक्की आहे आणि ती अर्धी खरीही आहे. नूतनीकरणाच्या वेळी ‘नाव अजून वापरता का?’ असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. अमेरिकेत पाचव्या ते सहाव्या वर्षादरम्यान आणि पुढे दर दहा वर्षांनी वापराचं प्रतिज्ञापत्र नमुन्यासह द्यावं लागतं. आपल्या कायद्यानं ही विचारपूस प्रतिस्पर्ध्यावर सोडली. वापर नाही म्हणून नोंद काढून टाका, असा अर्ज तो करेल तेव्हाच पुरावा काढायचा, आणि तोवर बिलं रद्दीत गेलेली असतात.

१९५८ च्या ट्रेडमार्क कायद्यात नोंदणी सात-सात वर्षांची होती. अर्जाआधीचा एक महिना वगळून सलग पाच वर्षं वापर नसेल, तर नोंद काढता येत असे. १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ ला लागू झाला. त्यात मुदत दहा वर्षांची झाली, कलम ४६ च्या जागी ४७ आलं आणि वगळायचा काळ तीन महिन्यांचा झाला. वाद येणार याचा वास लागताच चार पाकिटं घाईनं विकून ‘चालू आहे’ म्हणता येऊ नये, म्हणून ही सोय.

‘यूजर’ या शब्दानं बरेच जण चकतात. नोंदणीच्या अर्जात ‘यूजर १९८७ पासून’ लिहिलेलं असतं, तिथं यूजर म्हणजे वापरणारा नव्हे, वापराचा काळ. जुन्या कायद्यातला ‘रजिस्टर्ड यूजर’ मात्र माणूस किंवा कंपनीच, म्हणजे परवाना घेऊन नाव वापरणारा. त्याचा वापर मालकाच्या खात्यात जमा होई. १९९९ नंतर लेखी करार असलेल्या, नोंद न झालेल्या परवानाधारकाचा वापरही मोजला जाऊ लागला. आपल्याकडे भाऊ-भाऊ वेगळे होतात आणि नाव थोरल्याच्या नावावर राहून दुकान धाकटा चालवतो. लेखी करार कुठून असणार!

कशासाठी वापर, हाही प्रश्न आहेच. ‘चारमिनार’ची नोंद ‘तयार तंबाखू’ अशी मोघम होती, विकली जात होती ती फक्त सिगारेट. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नोंद सिगारेटपुरती आखडणं योग्य ठरवलं. हळदीवाल्यानं वर्ग ३० मध्ये, म्हणजे मसाले-चहासारख्या मालाच्या नोंदणीच्या गटात, चहा-बिस्किटांसकट सगळं लिहून ठेवलं, तर त्यालाही हेच लागू.

आता खरा गुंता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पीठ, तांदूळ, डाळी नोंदणीकृत ब्रँडखाली बंद पिशवीत विकल्या तर ५ टक्के, नाहीतर शून्य. हळदपावडरीला ब्रँड असो नसो, कर होताच, त्यामुळे मसालेवाले यात नव्हते. पीठ-डाळवाल्यांनी नोंदण्या रद्द करायला सुरुवात केली, तेव्हा सरकारनं १५ मे २०१७ ही तारीख धरली. त्या दिवशी नोंदणी होती, तर नंतर रद्द केली तरी कर लागणारच. राहिली ती नोंदणी नसलेली नावं. करातून सुटायचं तर त्यांच्यावरचा हक्क स्वेच्छेनं सोडल्याचं शपथपत्र द्यायचं आणि तसं प्रत्येक पिशवीवर न पुसणाऱ्या शाईनं इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापायचं. म्हणून कित्येकांनी जुनं नोंदलेलं नाव कपाटात ठेवलं आणि नव्या नावाच्या पिशव्या काढल्या, त्यावर ‘या नावावर आमचा हक्क नाही’ अशा अर्थाचा मजकूर. १८ जुलै २०२२ पासून ब्रँडचा भेद जाऊन ‘आधीच पॅक केलेलं व लेबल लावलेलं’ ही कसोटी आली. जुनं नाव बाहेर काढावं, तर मध्ये पाच वर्षं उलटलेली.

कायद्यानं घातलेली बंधनं आणि व्यापारातली विशेष परिस्थिती यांना कलम ४७ सूट देतं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका परदेशी रंग कंपनीला ती दिली, कारण आयातीवरच निर्बंध होते. पण कर वाचवण्यासाठी नाव बाजूला ठेवणं हे बंधन नव्हे, हिशेब आहे. माझ्या मते हा बचाव टिकणं अवघड. तरी ज्या सरकारनं ब्रँड लपवण्यात फायदा ठेवला, त्याच्याच कायद्यानं लपवल्याची शिक्षा द्यावी, हे खटकतं.

पुराची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि गणपती पेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं. तिथं वापर थांबला नव्हता, पुरावा भिजला होता. ‘विशेष परिस्थिती’ म्हणून तो विषय मांडणं म्हणजे वापर बंद होता हे आपणच कबूल करणं. ओळखीच्या एका मसालेवाल्याकडं उरलेल्या बिलांवर ‘मसाला २०० ग्रॅम, ४० नग’ एवढंच होतं, ब्रँडचं नाव नाही. जीएसटीच्या विवरणपत्रात तर ते नसतंच. अखेर पाऊच छापणाऱ्याकडं जुनी बिलं सापडली. त्यांवर नाव, वजन, तारीख, छपाईच्या सिलिंडरचा चार्जही. त्याचं गोदाम माळावर होतं.