रोबोसब

रोबोसब : विद्यार्थ्यांनी बांधलेल्या स्वायत्त जलांतर्गत वाहनांची अमेरिकेत भरणारी वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा. या वाहनांना सरसकट एयूव्ही म्हणतात. फेरी सुरू झाली की वाहनाला केबल नसते आणि काठावरून आज्ञाही देता येत नाही. तलावात मांडलेल्या वस्तू ओळखणे, त्यांच्यापर्यंत पोहोचणे आणि नेमून दिलेले काम करणे हे सगळे त्यातल्या संगणकाने स्वतः ठरवायचे असते. सहभागी संघ मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांचे असतात. शालेय संघही उतरतात.

अमेरिकी नौदलाचे संशोधन कार्यालय आणि एयूव्हीएसआय ही मानवरहित वाहनांच्या क्षेत्रातील संघटना यांनी ही स्पर्धा सुरू केली. सध्या रोबोनेशन ही संस्था तिचे आयोजन करते. प्रारंभ 1998 मध्ये झाला असे सामान्यतः धरतात. 2012 ची स्पर्धा पंधरावी म्हणून मोजली गेली, तिच्याशी हे साल जुळते. रोबोसब हे नाव मात्र नंतरचे आहे. आरंभीच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय एयूव्ही स्पर्धा असाच उल्लेख होत असे, त्यामुळे जुन्या अहवालांत रोबोसब शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

एयूव्ही वर्गातील पहिले वाहन कोणते, यावर मतभेद आहेत. काही लेखक थेट 1866 च्या व्हाइटहेड टॉर्पेडोपर्यंत मागे जातात, कारण तो पाण्याचा दाब मोजून आपली खोली आपणच राखत असे. बहुतेकांच्या मते वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील ‘स्पर्व्ह’ हे पहिले. त्याचे काम 1957 च्या सुमारास सुरू झाले; प्रत्यक्ष मोजणीच्या मोहिमा पुढच्या दशकातल्या धराव्यात. पण स्पर्व्हला जहाजावरून ध्वनिसंकेतांनी आज्ञा देता येत होत्या. रोबोसबचा ‘बाहेरून आज्ञा नाही’ हा निकष काटेकोरपणे लावला तर स्पर्व्ह अर्धेच बसते. टॉर्पेडोला मात्र समुद्राची मोजणी, निवड आणि परत येणे यांपैकी काहीच जमत नव्हते, म्हणून स्पर्व्हचा दावा अधिक ग्राह्य दिसतो.

स्पर्धेचा इतिहास ज्या तलावाशी जोडलेला आहे तो ट्रान्सडेक सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा येथील नौदल संशोधन केंद्रात आहे. हा लंबवर्तुळाकार तलाव मध्यभागी सुमारे 38 फूट (11.6 मी.) खोल असून त्यात अंदाजे 60 लाख गॅलन पाणी मावते. सोनार (ध्वनीने वस्तू शोधणारी यंत्रणा) तपासण्यासाठी तो बांधलेला असल्याने भिंतींवरून परतणारा आवाज मोजणीत येऊ नये अशी त्याची घडण आहे. 2020 व 2021 मध्ये महासाथीमुळे स्पर्धा दूरस्थ झाली. 2024 पासून ती कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील जलतरण केंद्रात भरू लागली. साध्या जलतरण तलावात पाणी नितळ असते, पण तळावर उन्हाच्या हलत्या जाळ्या पडून कॅमेरा फसतो आणि टाइल लावलेल्या भिंती आवाज परतवतात. ट्रान्सडेकच्या हिरवट पाण्यात प्रशिक्षित केलेली प्रतिमाओळख येथे तशीच चालत नाही.

कामे दरवर्षी बदलतात, सांगाडा तोच राहतो. आधी दारातून जायचे, मग तळावरच्या नारिंगी पट्ट्यांनी दाखवलेली दिशा धरायची, पेटीत खुणेचा ठोकळा टाकायचा, फळीतल्या छिद्रातून छोटे टॉर्पेडो सोडायचे आणि शेवटी पिंगरच्या (पाण्यात ध्वनिसंकेत सोडणाऱ्या यंत्राच्या) वर मांडलेल्या अष्टकोनात पृष्ठभागावर यायचे. वाहन 1.83 × 0.91 × 0.91 मी. या चौकटीत बसावे लागते, वजनाची मर्यादा 57 किग्रॅ.च्या आसपास असते आणि हलक्या वाहनाला जादा गुण मिळतात. बाहेरून हाताला येईल असा किल स्विच बंधनकारक असतो. तो ओढला की सर्व थ्रस्टर (वाहन ढकलणारे पाण्यातले पंखे) थांबून वाहन आपोआप वर आले पाहिजे, म्हणून प्लावक बल वजनापेक्षा किमान अर्धा टक्का जास्त ठेवतात. 30 किग्रॅ.च्या वाहनासाठी हे आधिक्य केवळ 150 ग्रॅ. होते. गोड्या पाण्यात इतके बारीक जुळवलेले वाहन समुद्रात नेले तर ते सुमारे पाऊण किलोने हलके भासते आणि खाली जायला कुरकुरते.

पिंगर शोधणे हे सर्वांत अवघड काम मानले जाते. पिंगर 25 ते 40 किलोहर्ट्झ या पट्ट्यात ठरावीक अंतराने काही मिलिसेकंदांचा स्पंद सोडतो. वाहनावरचे तीन-चार हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) तो ऐकतात आणि आवाज कोणाकडे किती आधी पोहोचला यावरून दिशा काढतात. गोड्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1480 मी. असतो, म्हणजे 40 किलोहर्ट्झची तरंगलांबी 37 मिमी. झाली. दोन हायड्रोफोनमधले अंतर तिच्या निम्म्याहून, म्हणजे 18.5 मिमी.हून, जास्त झाले की एकाच कलांतराला (दोन लहरींच्या टप्प्यांतील फरकाला) दोन दिशा लागू पडतात. हायड्रोफोन दूर ठेवले तर अचूकता वाढेल असे नव्या संघाला वाटते. मिळते ती संदिग्धता. जवळ ठेवल्यावर निराळी अडचण येते. आवाजाचे सेकंदाला 5 लाख नमुने घेतले तर दोन नमुन्यांमध्ये आवाज सुमारे 3 मिमी. पुढे जातो. निव्वळ नमुने मोजून दिशा काढली तर समोरच्या भागातही तिची पायरी 9 अंशांच्या घरात जाते आणि 10 मी. अंतरावर दीड मीटरची चूक होते. त्यामुळे अनुभवी संघ वेळ मोजत बसत नाहीत. ठरलेल्या वारंवारतेवर फूरिये रूपांतर (संकेतातील वारंवारता वेगळी काढणारी गणिती रीत) करून ते कलांतर काढतात.

कलांतर कोणत्या क्षणी घ्यायचे, हा भाग अधिक नाजूक आहे. पिंगर 4 मी. खोल, वाहन 1.5 मी. खोल आणि दोघांत 8 मी. आडवे अंतर असल्यास थेट आवाज 8.4 मी. चालतो, तर पृष्ठभागावर आपटून येणारा 9.7 मी. हा फरक 0.9 मिलिसेकंदाचा आहे. स्पंद 4 मिलिसेकंदांचा धरला तर त्याचा पहिला 0.9 मिलिसेकंदच शुद्ध असतो. पुढचा सगळा सरमिसळ. सर्वांत मोठा आवाज पकडणारी पद्धत नेमक्या या सरमिसळीवर जाऊन बसते, कारण परावर्तन मिळून आवाज वाढतो. पहिली चढण पकडून नोंद घेण्याची खिडकी लगेच बंद करावी लागते. शिवाय थ्रस्टर चालू असताना त्यांच्या विद्युत् नियंत्रकांचा गोंगाट याच पट्ट्यात घुसतो. काही संघ ऐकण्यापुरते थ्रस्टर थांबवतात आणि स्पंदादरम्यान वाहन तरंगू देतात. हा उपाय ओबडधोबड असला तरी चालतो.

स्थिती कळण्यासाठी दाबमापक, जडत्वमापक आणि तळावर ध्वनिकिरण टाकून वेग मोजणारे डीव्हीएल वापरतात. खोलीचा प्रश्न सोपा आहे, कारण प्रत्येक मीटरला दाब 9.8 किलोपास्कलने वाढतो. दिशेचा प्रश्न तसा नाही. चुंबकीय होकायंत्र थ्रस्टरच्या प्रवाहाने आणि तलावाच्या काँक्रीटमधल्या सळयांनी वाकते, म्हणून बरेच संघ फेरीत ते बंदच ठेवून वळण मोजणाऱ्या जायरोवर विसंबतात. प्रचलित मांडणीत आठ थ्रस्टर असतात, चार उभे आणि चार 45 अंशांत आडवे. विद्यार्थ्यांत सर्रास वापरला जाणारा टी200 थ्रस्टर 16 व्होल्टला पुढे सुमारे 5.2 किग्रॅ. ढकलतो, मागे मात्र 4.1. हा फरक नियंत्रण आज्ञावलीत भरला नाही तर जागेवर उभे राहायला सांगितलेले वाहन हळूहळू सरकत जाते.

फेऱ्या बुडतात त्या बहुधा आज्ञावलीमुळे नव्हे, पाण्यामुळे. ओ-रिंगवर (झाकण जलरोधक करणाऱ्या रबरी कड्यावर) अडकलेला एक केस पुरतो. म्हणून प्रत्येक बंदिस्तीनंतर निर्वात चाचणी करतात. हातपंपाने इलेक्ट्रॉनिक भाग ठेवलेल्या जलरोधक नळीतला दाब 10 इंच पाऱ्याने उतरवायचा, 15 मिनिटे थांबायचे. सुई एका इंचापेक्षा जास्त सरकली तर उघडून ओ-रिंग पुसून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवून पुन्हा लावायची. ग्रीस जास्त थापले की उलट कचरा चिकटतो. केबलचे वेष्टन बाहेर कुठे कापले गेले तर पाणी तारांच्या पिळातून केशाकर्षणाने थेट आत उतरते आणि ही गळती निर्वात चाचणीत दिसेलच असे नाही. दमट हवेत बंद केलेल्या नळीत थंड पाण्यात शिरताच कॅमेऱ्याच्या काचेवर धुके धरते. मुंबईच्या पावसाळ्यात सराव करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि शक्यतो वातानुकूलित खोलीत झाकण लावणे एवढाच इलाज. उलट काठावर उन्हात चालू ठेवलेले वाहन तापते, कारण त्यातला संगणक भोवतालच्या पाण्यानेच थंड व्हायचा असतो.

भारतातून आयआयटी मुंबईचा संघ 2010 नंतरच्या दशकापासून ‘मत्स्य’ मालिकेतील वाहने घेऊन उतरत आला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने देशांतर्गत विद्यार्थी स्पर्धा भरवल्या आणि सिंगापूर येथे 2013 पासून होणारी एयूव्ही स्पर्धा भारतीय संघांना प्रवासाच्या दृष्टीने सोयीची ठरली. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘माया’ हे एयूव्ही संशोधनासाठी होते. विद्यार्थी वाहनांशी त्याचा संबंध समान तंत्रापुरताच आहे.

परदेशी जाणाऱ्या संघाची खरी अडवणूक विमानतळावर होते. 160 वॉट-तासांवरील लिथियम बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही. 100 ते 160 च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच, त्याही हातातल्या सामानात. 14.8 व्होल्ट, 18 अँपिअर-तासांची तयार बॅटरी 266 वॉट-तासांची असते, म्हणून ती बाद होते. 10 अँपिअर-तासांची 148 वॉट-तासांत बसते. त्यामुळे अनेक रचनांत एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान समांतर दिसतात, किंवा बॅटरी स्पर्धेच्या गावीच मागवली जाते. दुसऱ्या मार्गात तिचे वजन आणि आकार आधी तंतोतंत माहीत असावे लागतात, नाहीतर घरी जुळवलेला तोल तिथे पुन्हा शिशाचे तुकडे लावून जुळवावा लागतो.