चेस्टरचे ‘रो’

चेस्टर हे वायव्य इंग्लंडमधील चेशायर काउंटीचे जुने मुख्य शहर. तेथील ईस्टगेट, वॉटरगेट, ब्रिज आणि नॉर्थगेट या चार रस्त्यांच्या कडेने, इमारतींच्या पहिल्या मजल्यावरून ज्या छपराखालच्या वाटा जातात त्यांना ‘रो’ म्हणतात. रस्त्यावर उभे राहून पाहिले की खाली दुकानांची एक रांग दिसते, तिच्या डोक्यावर कठड्याची लांबच लांब ओसरी आणि त्या ओसरीच्या आतल्या अंगाला दुकानांची दुसरी रांग. वरच्या मजल्यावरच्या खोल्या ओसरीवर पुढे आलेल्या असतात, त्यामुळे भर पावसातही कोरड्या अंगाने बाजार करता येतो. मध्ययुगापासून आजवर नांदती राहिलेली अशी दुमजली पेठ इंग्लंडमध्ये दुसरी नाही.

ओसरी हा शब्द दिसण्यापुरता जुळतो, हक्काच्या बाबतीत मात्र नाही. घराची ओसरी घरमालकाची असते. रो खाजगी इमारतींच्या पोटातून जात असले तरी त्यांवरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा आहे. या पेठेचा सारा इतिहास या एका हक्काभोवती फिरतो.

रस्त्यांची आखणी रोमनांची. इ. स. 79 च्या सुमारास त्यांनी येथे ‘देवा’ नावाचा लष्करी तळ वसवला आणि आजचे मुख्य रस्ते बऱ्याच अंशी त्याच रेषांवर आहेत. रो मात्र तेराव्या शतकातले. 1278 मध्ये तटबंदीच्या आतले बरेचसे शहर आगीत जळाले. त्याच काळात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड वेल्सवर स्वाऱ्या करत होता आणि चेस्टर हा त्याचा तळ होता. सैन्याला लागणारे धान्य, कातडे, लोखंड येथून जाई, व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि नवी घरे उभी राहिली. ती नेमकी अशीच का बांधली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. रोमन इमारतींचा ढिगारा रस्त्यालगत साचलेला होता आणि लोकांनी त्याच्या पुढे खाली व माथ्यावर वर अशी दुकाने थाटली, असे काही जण मानतात. शहराखालचा वाळूचा खडक फार वर असल्याने खोल तळघर खणता येत नाही, हेही एक कारण सांगतात. अर्धवट जमिनीत, अर्धवट वर असे तळघर बांधले की त्याच्या डोक्यावरचा मजला आपोआप रस्त्यापासून उंच जातो.

कमानदार दगडी छताची अशी काही तळघरे आजही दुकाने म्हणून वापरात आहेत. वरच्या वाटेवर, कठडा आणि चालण्याची जागा यांच्यामध्ये, रस्त्याच्या बाजूला चढत जाणारा लाकडी फळ्यांचा पट्टा दिसतो. पूर्वी विक्रेते त्यावर माल मांडत. खालच्या तळघरात शिरणाऱ्याच्या डोक्याला जागा मिळावी, म्हणून तो तिरका आहे. ब्रिज स्ट्रीटवरची ‘थ्री ओल्ड आर्चेस’ ही दगडी दर्शनी बाजू इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या दुकानमुखांपैकी एक मानली जाते.

या वाटेवर पहिला मोठा घाव सतराव्या शतकातल्या, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात बसला. 1643 मध्ये सर रिचर्ड ग्रोव्हनर यांनी लोअर ब्रिज स्ट्रीटवरचे आपले घर वाढवण्यासाठी समोरचा रो बंद करण्याची परवानगी मिळवली. त्यांचे पाहून शेजाऱ्यांनीही तेच केले आणि त्या रस्त्यावरची सलग वाट जवळजवळ नाहीशी झाली. ते घर पुढे ‘फाल्कन’ नावाची खानावळ झाले. त्याच्या आत गिळलेल्या वाटेच्या खुणा अजून सापडतात.

पुढे शहराजवळची डी नदी गाळाने भरत गेली, जहाजे लिव्हरपूलकडे वळली. चेस्टरच्या बंदराचा धंदा बुडाला, पण पेठ वाचली, कारण सगळे पाडून नवे बांधण्याइतका कारखान्यांचा पैसा येथे आला नाही.

आज छायाचित्रांत दिसणारा काळ्या लाकडांचा आणि पांढऱ्या भिंतींचा थाट पुष्कळसा एकोणिसाव्या शतकातला आहे. टी. एम. पेन्सन, टी. एम. लॉकवुड आणि जॉन डग्लस या वास्तुरचनाकारांनी जुन्या शैलीत नव्या इमारती बांधल्या. मुख्य रस्ते मिळतात त्या ‘क्रॉस’ नावाच्या चौकातली, सर्वाधिक छायाचित्रे निघणारी इमारत 1888 ची आहे. 1652 चे ‘गॉड्स प्रॉव्हिडन्स हाउस’ही 1862 मध्ये बरेचसे नव्याने उभारले गेले. म्हणून त्यांना नकली म्हणणे मला पटत नाही, कारण या रचनाकारांनी दर्शनी भाग बदलताना मधली वाट मोकळी ठेवली. लॉकवुड यांचे 1888 चे काम ज्या पहिल्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्यासाठी झाले, ते 1643 मध्ये वाट बंद करणाऱ्या ग्रोव्हनर घराण्यातलेच. 1910 मध्ये दुसऱ्या ड्यूकने ब्रिज स्ट्रीटवर सेंट मायकेल्स रो बांधला. त्याची पांढऱ्या चकचकीत फरश्यांची दर्शनी बाजू पाहून शहरात इतकी ओरड झाली, की ती उतरवून काळी-पांढरी लाकडी बाजू बसवावी लागली. आतल्या दालनात मूळच्या फरश्या अजून आहेत.

विसाव्या शतकातला धोका मोटारींचा आणि मोठ्या व्यापारी संकुलांचा होता. ईस्टगेट आणि ब्रिज स्ट्रीटच्या मागे 1960 च्या दशकात संकुल उभारताना रोमन स्नानगृहाचे मोठे अवशेष नष्ट झाले. वर्तुळाकार रस्त्यासाठी तटबंदीला 1966 मध्ये सेंट मार्टिन्स गेट हे नवे दार पाडले. 1968 मध्ये वास्तुरचनाकार डोनाल्ड इन्सॉल यांचा चेस्टरच्या जतनावरील अहवाल आला आणि एकेका इमारतीऐवजी अख्ख्या रस्त्यांचा विचार सुरू झाला. यादवी युद्धात पाडलेला जुना दगडी क्रॉस 1975 मध्ये पुन्हा चौकात उभा राहिला.

आज रोपुढची अडचण रोजच्या धंद्याची आहे. वर जायला पायऱ्या चढाव्या लागतात. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची असलेल्यांना त्या जड जातात आणि घाईतले गिऱ्हाईक खालच्याच दुकानात शिरते. 1791 पासून ईस्टगेट रोवर असलेले ‘ब्राउन्स’ हे नामांकित दुकान 2021 मध्ये बंद झाले. देखभालही गुंतागुंतीची आहे. तळघर, ओसरीवरचे दुकान आणि वरच्या खोल्या यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. चालणाऱ्यांच्या पायाखालची फरशी हेच खालच्या दुकानाचे छप्पर असल्याने, तिला फट पडली की पाणी खालच्या दुकानात गळते आणि दुरुस्तीसाठी वाट बंद केली तर वरच्या दुकानाचा धंदा बसतो.