अमेरिकेतल्या कॉलेजांत नवा खेळ कोणाच्या पैशाने येतो?

अमेरिकेतल्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन लढतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. 1852 च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावावर हार्वर्ड आणि येल यांच्यात होड्यांची शर्यत झाली. कंपनीला आपल्या गाडीला प्रवासी हवे होते, म्हणून तिने मुलांच्या येण्या-जाण्याची आणि राहण्याची सोय केली. कॉलेजचा खेळ आणि बाहेरचा पैसा यांची गाठ तिथे पडली ती आजवर सुटलेली नाही.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हटला की जिमखाना फी आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा डोळ्यांसमोर येतात. तिकडे मोठ्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे अंदाजपत्रक स्वतंत्र असते आणि फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंच्या कितीतरी पट असतो. बहुतेक ठिकाणी त्यांचे ते हेल्मेटवाले फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल हे दोनच खेळ खरी कमाई करतात. पोहणे, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती यांना त्याच कमाईवर जगावे लागते. तरीही स्वतःच्या उत्पन्नात खर्च भागवणारे विभाग मोजकेच. बाकीच्यांची तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जाते. जो मुलगा कधी मैदानाकडे फिरकत नाही, त्याच्याही फीमधून.

फुटबॉलमधल्या मृत्यूंवरून 1905 मध्ये देशभर ओरड झाली आणि पुढच्या वर्षी कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी जी संघटना उभी राहिली तिचेच 1910 मध्ये एनसीएए असे नामकरण झाले. पुढे टीव्ही आला. कोणाचे किती सामने दाखवायचे हे बरीच वर्षे एनसीएए ठरवत असे. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली आणि प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठे आणि आपसांत लीग खेळणारे त्यांचे गट यांच्या हाती गेले. पैशाचा ओघ वाढला आणि तो प्रामुख्याने फुटबॉलकडे वळला.

पण नवे खेळ आले ते वेगळ्याच दाराने. 1972 च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्याची मनाई केली. कायद्याच्या मूळ मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता. 1979 मध्ये सरकारने त्याचा अर्थ लावून दिला. विद्यार्थ्यांत मुली जितक्या प्रमाणात, तितक्याच खेळाडूंत असाव्यात; नाहीतर मुलींसाठी खेळ सातत्याने वाढवत नेल्याचे, किंवा त्यांची गरज पुरती भागल्याचे दाखवता आले पाहिजे. या तीनपैकी एक अट पुरी केली की झाले.

इथे फुटबॉलचा आकडा आडवा येतो. एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीतल्या मोठ्या फुटबॉल संघात 2025 पर्यंत 85 शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि शंभराहून अधिक मुले असत. मुलींचा तेवढा मोठा संघ कुठून आणायचा? उत्तर सापडले रोइंगमध्ये. एका नौकेत आठ वल्हवणाऱ्या आणि एक सुकाणूवाली, अशा अनेक नौका, शिवाय 2025 पर्यंत 20 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा. कॅन्ससच्या शेतीवाडीतल्या विद्यापीठांनीही नव्वदच्या दशकात मुलींचे संघ काढले आणि आयुष्यात वल्हे हाती न धरलेल्या उंच, तगड्या मुलींना बोलावून शिकवले. आकडे जुळवण्याची युक्ती म्हणून याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्या मुलींना शिक्षण मिळाले, खेळही मिळाला. एनसीएएने 1994 मध्ये मुलींच्या ‘उदयोन्मुख खेळां’ची यादी केली, तिच्यातूनच रोइंग, आइस हॉकी, वॉटर पोलो आणि बीच व्हॉलीबॉल राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत पोचले.

दुसरा रस्ता देणगीदाराचा. पेन स्टेट विद्यापीठात आइस हॉकीचा क्लब कित्येक दशके होता. मुले हौसेने खेळत, पण अधिकृत संघाचा दर्जा नव्हता. माजी विद्यार्थी टेरी पेगुला यांनी 2010 मध्ये आपली नैसर्गिक वायूची कंपनी शेलला विकली आणि त्याच वर्षी विद्यापीठाला 8 कोटी 80 लाख डॉलर दिले. मुलांबरोबर मुलींचाही संघ निघाला, दोन्ही 2012-13 मध्ये पहिल्या श्रेणीत उतरले आणि 2013 मध्ये बर्फाचे नवे स्टेडियम उघडले. याचे पडसाद दूरवर उमटले. बिग टेन या विद्यापीठांच्या गटात हॉकी खेळणारी विद्यापीठे तेव्हा सहा झाली, म्हणून त्या गटाने स्वतःची लीग काढली आणि मिशिगनसारखे संघ निघून गेल्याने सीसीएचए ही हॉकीची जुनी लीग 2013 मध्ये बंद पडली. अ‍ॅरिझोना स्टेटने 2014 मध्ये 3 कोटी 20 लाख डॉलरच्या देणग्यांवर मुलांची हॉकी अधिकृत केली. पाठोपाठ मुलींसाठी लॅक्रोस (जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ) आणि ट्रायथलॉन आले.

छोट्या कॉलेजांचे गणित नेमके उलटे. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, त्यामुळे नव्या संघातला प्रत्येक मुलगा फी भरणारा विद्यार्थी असतो. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने 2005 नंतर संघ वाढवत नेऊन विद्यार्थीसंख्या वाढवली. प्रवेश घटत चाललेल्या कॉलेजांसाठी तिथे नवा खेळ हाच उत्पन्नाचा मार्ग आहे.

खेळ बंद होतात तेव्हा मात्र ही सगळी गणिते बाजूला राहतात आणि कात्री कमाई न करणाऱ्यांवर चालते. करोनाच्या वर्षी आयोवा विद्यापीठाने चार संघ बंद करण्याचे जाहीर केले: मुलांचे जिम्नॅस्टिक्स, मुलांचे टेनिस आणि मुला-मुलींचे पोहणे. (सोमदेव देववर्मन 2007 आणि 2008 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाकडून एनसीएएचा एकेरीतला विजेता ठरला, तो याच मुलांच्या टेनिसमध्ये.) पोहणाऱ्या मुली टायटल नाइनखाली कोर्टात गेल्या. त्यांचा संघ परत आलाच, शिवाय 2021 मध्ये विद्यापीठाने मुलींची कुस्तीही जाहीर केली. 2023-24 च्या पहिल्याच हंगामात त्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, ते तेव्हा एनसीएएचे अधिकृत नव्हते. जानेवारी 2025 मध्ये एनसीएएने मुलींच्या कुस्तीला आपल्या अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा दिला. मुलांचे जिम्नॅस्टिक्स, टेनिस आणि पोहणे मात्र परतले नाहीत. खेळ सुरू करताना त्याच्या नावाने कायम ठेव बाजूला काढली नाही, तर पुढच्या मंदीत अठरा-वीस वर्षांची मुले वाऱ्यावर सोडली जातात. माझ्या मते ठेवीशिवाय नवा संघ जाहीरच करू नये.

आता हिशेब आणखी आवळला आहे. कमाईत वाटा मिळत नाही म्हणून खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केली. माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 2.8 अब्ज डॉलर भरपाई, आणि 2025-26 पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटण्याची मुभा, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली, तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, फुटबॉलसाठी 105. मंजुरीआधीच, मार्चमध्ये, कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने या तडजोडीचे कारण देत पोहणे आणि डायव्हिंग बंद केले. वाटपाचा मोठा हिस्सा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जाणार हे दिसतेच आहे. भरपाईचे वाटप टायटल नाइनला धरून नाही, असे म्हणत काही महिला खेळाडूंनी मंजुरीनंतर काही दिवसांतच अपील दाखल केले.