शेपटी हलली, सुई बसली

‘सिझरला कमरेत इंजेक्शन घेतलंस ना, आता जन्मभर कंबर धरणार’ असं बाळंतिणीला ऐकवणारी एक तरी मावशी घरोघरी असते. टोचलेली जागा दोन-चार दिवस ठणकते, हे खरं. जन्मभराच्या कंबरदुखीचं खापर मात्र त्या सुईवर फोडण्यात अर्थ नाही. तिची खरी करामत कळली ती उंदरांमुळे.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती नितळ द्रव असतो. माणसात साधारण 150 मिलिलिटर, माउसमध्ये (छोट्या उंदरात) जेमतेम 40 मायक्रोलिटर, म्हणजे थेंबभरच! तिथं औषध कसं पोचवायचं? हिल्डन आणि विलकॉक्स या संशोधकांनी 1980 मध्ये सोपी रीत दिली: कमरेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधून बारीक सुई घालायची. शेपटी झटकन एका बाजूला वळली की सुई जागेवर आहे. मग 5 मायक्रोलिटर औषध सोडायचं.

त्याआधी, 1976 मध्ये, याक्श आणि रुडी या संशोधकांनी रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) कवटीखालून या द्रवात केसासारखी नळी सरकवून ती कमरेपर्यंत नेली होती. तिच्यातून मॉर्फिन हे वेदनाशामक किंचित सोडलं, तर प्राण्याला चटक्याच्या वेदना जाणवेनात. मॉर्फिन फक्त मेंदूवर चालतं, ही समजूत तिथंच ढासळली.

आता खरी गंमत. वेदना आणणारा तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात संपतो. संदेश आला की त्याच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरतं आणि ग्लुटामेट, सबस्टन्स पी हे निरोप पुढे नेणारे रेणू बाहेर पडतात. मॉर्फिन तंतूवरच्या ‘म्यू ग्राही’ या खास जागेला चिकटून कॅल्शियमची वाट अडवतं. शिवाय पलीकडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर काढतं. पेशी अधिक ऋण होते, सहजी पेटत नाही. स्पर्श आणि हालचाल बऱ्याच अंशी शाबूत राहतात. भुलीचं औषध सोडियमच्या वाटा अडवतं, म्हणून पाय जड पडतात.

कर्करोगाच्या रुग्णांना 1979 मध्ये मॉर्फिन असं दिलं गेलं. आज सिझरमध्ये भुलीच्या औषधासोबत 0.1 मिलिग्रॅमही पुरतं. पण ते पाण्यात विरघळणारं, त्यामुळे द्रवाबरोबर हळूहळू वर सरकतं आणि काही तासांनी श्वास मंदावू शकतो. रात्री नर्स पुन्हा पुन्हा डोकावते ती त्यासाठी.

अशा सुईनं औषध देऊन ‘उंदराचा लकवा बरा झाला’ अशा बातम्यांनी मात्र हुरळू नये. माउसला दिलेले 5 मायक्रोलिटर म्हणजे त्याच्या एकूण द्रवाचा आठवा हिस्सा. त्या हिशेबानं माणसाला जवळपास 19 मिलिलिटर टोचावे लागतील.