खाद्यजाहिरातींतील चित्रपात्रे आणि खान्देश

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर, फलकावर किंवा पडद्यावर त्या पदार्थाच्या वतीने वावरणाऱ्या रेखाटलेल्या पात्राला जाहिरात व्यवसायात मॅस्कॉट म्हणतात. हे पात्र माणूस असते, प्राणी असते, नाहीतर खुद्द पदार्थालाच हातपाय फुटलेले असतात. साध्या बोधचिन्हाहून ते वेगळे, कारण त्याला स्वभाव असतो. ते बोलते, खोड्या काढते, हट्ट करते आणि गिऱ्हाईक, विशेषतः घरातले पोर, त्याला नावाने ओळखते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खान्देशात अशी पात्रे बाहेरूनच आली. केळी, मिरची, डाळी, शेंगदाणा आणि तेल एवढा खाण्यापिण्याचा माल देशाला पुरवणाऱ्या या प्रदेशातून देशभर ओळखले जाणारे एकही चित्रपात्र निघालेले नाही. याचे कारण इथल्या चित्रकारांच्या हातात नाही, मालाच्या विक्रीच्या रीतीत आहे.

सुट्या मालाचा बाजार

आठवडे बाजारात मिरची घेणारी बाई मिरची मोडून वास घेते, बी किती आहे ते पाहते आणि मग भावाला हात घालते. डाळ दाताखाली धरून पाहिली जाते, शेंगदाणा तळहातावर चोळून. विकणारा समोर बसलेला असतो आणि पुढच्या आठवड्यातही तिथेच बसणार असतो. अशा व्यवहारात मालाला वेगळा चेहरा लागत नाही, गावाचे नाव पुरते. नंदुरबारच्या पथारींवर वाळणारी मिरची किंवा जळगावच्या गिरण्यांची डाळ ही नावे बाजारात आपोआप चालतात. चित्रातल्या चेहऱ्याची गरज पडते ती माल बंद डब्यात किंवा पाकिटात गेल्यावर, जेव्हा आत काय आहे ते दिसत नाही आणि कारखानदार कोण ते कळत नाही.

अमेरिकेत हे आधी घडले. १८७७ मध्ये ओट्सच्या पाकिटासाठी ‘क्वेकर’ या साधेपणा आणि सचोटीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या माणसाचे चित्र व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले. त्या काळी ओट्स पिंपातून सुटे विकले जात, म्हणून बंद पाकिटाला एका सचोटीच्या माणसाचा चेहरा दिला गेला. १९१६ मध्ये प्लांटर्स कंपनीने घेतलेल्या स्पर्धेत एका शाळकरी मुलाने हातपाय असलेली शेंग काढून दिली. पुढे व्यावसायिक चित्रकाराने तिला उंच टोपी आणि एका डोळ्याचा चष्मा चढवला. हा ‘मिस्टर पीनट’. शेंगा पोत्याने विकणाऱ्या खान्देशातल्या शेतकऱ्याला या साहेबी थाटाची गंमतच वाटावी. केलॉग्ज कंपनीचे स्नॅप, क्रॅकल आणि पॉप हे तीन बुटके १९३० च्या दशकात आले, टोनी वाघ १९५२ मध्ये, आणि पिल्सबरीचा कणकेचा गोळा झालेला पोऱ्या १९६५ मध्ये. दूरचित्रवाणी घरोघर पोचल्यावर या पात्रांची संख्या झपाट्याने वाढली, कारण पाकिटावरचे चित्र आता हलू-बोलू लागले होते. पिल्सबरीचा पोऱ्या १९९० च्या दशकाअखेरीस तयार आट्याबरोबर भारतातही आला. मात्र गहू स्वतः निवडून गिरणीत नेणाऱ्या आणि कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचे प्रमाण घरीच ठरवणाऱ्या घरांत त्याला शिरायला वाव थोडाच होता.

छापापासून पात्रापर्यंत

भारतात पात्राआधी छाप होता. कापडाचे तागे, काडेपेट्या, विड्या, तेलाचे डबे यांवर घोडा, वाघ, हत्ती, देवता, फूल अशी चित्रे असत आणि अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्र सांगून माल मागे. जळगावच्या डाळीच्या कट्ट्यांवरचा मार्का हा त्याच परंपरेतला. छापातला वाघ काही करत नाही, नुसता उभा असतो. पण माल बदलला जाणार नाही एवढी हमी तो देतो, आणि व्यापाऱ्याला तेवढेच हवे असते.

खान्देशातील याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण अमळनेरचे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. भोवतालचा भुईमूग हा तिचा कच्चा माल. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट, दाणेदार करायचे आणि डब्यात भरायचे, अशी ही प्रक्रिया. असे तूप घरच्या लोणकढ्या तुपासारखे दिसते, पण त्याची पारख करायची कशी हे गृहिणीला ठाऊक नसते. म्हणजे चेहऱ्याची गरज इथे पुरेपूर होती. १९३७ पासून बाजारात असलेल्या डालडाने ताडाच्या झाडाचे चित्र आणि जाहिरातींचा धडाका यांच्या जोरावर ही अडचण सोडवली होती. अमळनेरच्या मालाची नावे होती किसान, सनफ्लॉवर आणि कॅमल. शेतकरी, सूर्यफूल आणि उंट ही तिन्ही नावे छापाच्या धाटणीची. त्यांतून बोलके पात्र घडले नाही. सूर्यफूल मात्र टिकले: हीच कंपनी पुढे विप्रो झाली, संगणक क्षेत्रात गेली, आणि १९९८ मध्ये तिने स्वीकारलेले इंद्रधनुषी फुलाचे बोधचिन्ह त्याच सूर्यफुलाच्या वळणाचे होते. २०१७ मध्ये तेही बदलले. अमळनेरला मात्र कंपनीची आठवण डब्यापेक्षा शेअरांमुळे जास्त आहे. गावातल्या ज्या कुटुंबांनी ते विकले नाहीत, ती बसल्या जागी श्रीमंत झाली.

पोरगी, पेंटर आणि महामार्ग

अझीम प्रेमजी यांनी अमळनेरच्या कंपनीची सूत्रे घेतली ते वर्ष १९६६. त्याच वर्षी मुंबईत ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली अमूल लोण्याची पोरगी जन्मली. सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांची कल्पना, युस्टेस फर्नांडिस यांचे रेखाटन. त्या काळात पोलसनचे लोणी बाजारात घट्ट बसलेले होते. पात्र लक्षात राहणारे हवे आणि काढायला सोपे हवे, ही व्हर्गीस कुरियन यांची अपेक्षा होती. दुसरी अट महत्त्वाची होती, कारण फलक हाताने रंगवले जात आणि दर थोड्या दिवसांनी बदलावे लागत. ताज्या घडामोडींवर कोटी करणारी ही फलकमालिका जगात सर्वाधिक काळ चाललेल्या जाहिरातींत गणली जाते.

खान्देशात फलकांपेक्षा भिंतींचे राज्य होते. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, आणि भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन. रस्त्याकडेच्या घराची आडवी भिंत, धाब्याची मागची बाजू, विहिरीवरची मोटारखोली या सगळ्यांवर बिस्किटे, चहा, तेल, मसाले आणि तंबाखू रंगवलेले असत. भिंत देणाऱ्या घरमालकाला बऱ्याचदा फुकट रंगरंगोटीवरच समाधान मानावे लागे. पेंटर आधी भिंतीला चुन्याचा हात देई. मग निळीत भिजवलेली सुतळी दोन टोकांना ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटे. नमुन्याच्या कागदावर आणि भिंतीवर सारख्या संख्येच्या चौकटी आखायच्या आणि एकेका चौकटीतला आकार मोठा करत न्यायचा, असे ते तंत्र. अक्षरे सगळ्यांना जमत, चेहऱ्यात कस लागे. डोळ्यातली बाहुली दोन बोटे सरकली की खोडकर पोरगी तिरळी दिसे. त्यामुळे एकाच पात्राचे चाळीसगावचे आणि शिरपूरचे रूप हुबेहूब असेलच असे नव्हते, आणि त्याचे कुणाला वावगेही वाटत नसे. फ्लेक्सची छपाई आल्यावर सगळे चेहरे एकसारखे झाले आणि पेंटरकडे दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर तेवढे उरले.

पार्ले-जीच्या पाकिटावरची बाळीही याच काळातली. १९६० च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतील मगनलाल दैया यांनी ती रेखाटली. ती कुणाचा तरी खरा फोटो आहे, अशी दंतकथा महाराष्ट्रभर चालते आणि दर काही वर्षांनी नवे नाव पुढे येते. ते केवळ रेखाचित्र असल्याचे कंपनीने सांगितले आहे. ही बाळी कधी बोलली नाही, तिने गोष्ट सांगितली नाही. छाप आणि पात्र यांच्या मधोमध ती थांबली आणि तरीही सर्वांत खोल पोचली. खान्देशातल्या टपरीवर चहाबरोबर आजही तिचाच पुडा फोडला जातो.

पापडाच्या अंगणात ससा

दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १९७६ मध्ये सुरू झाल्या आणि १९८० च्या दशकात प्रक्षेपक वाढले तसा टीव्ही तालुक्याच्या गावी आला. गल्लीतल्या एका घरी टीव्ही आणि त्यापुढे सगळी गल्ली, अशा काळात लिज्जत पापडाचा ससा घरोघर पोचला. हा ससा कागदावरचा नव्हता. बोलक्या बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांच्या हातातली ती बाहुली होती. तिचे खदाखदा हसणे आणि ‘कर्रम कुर्रम’ पोरांच्या तोंडी बसले. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या उद्योगाची ही जाहिरात.

खान्देशात ती एका विचित्र जागी येऊन पडली. इथे पापड विकत घ्यायची वस्तू नव्हती. उन्हाळा लागला की आळीपाळीने एकेकीच्या घरी बायका जमत. उडदाच्या पिठात पापडखार घालून भिजवलेला घट्ट गोळा तेलाचा हात लावून कुटला जाई, दोऱ्याने त्याच्या लाट्या कापल्या जात, आणि लाटलेले पापड खाटेवर पसरलेल्या लुगड्यावर वाळत. बिबड्यांची खटपट त्याहून मोठी: ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, वाटायची, तिखट-लसूण-जिरे घालून शिजवायची आणि ओल्या फडक्यावर थापून वर तीळ पेरायचे. कच्च्या लाट्या पळवणाऱ्या पोरांना सशाच्या जाहिरातीची मजा वाटली, पण पाकीट घरात आणण्याचे कारण नव्हते. पाकीट आले ते पुढे, आयांकडे उन्हाळ्याचे मोकळे दिवस उरले नाहीत तेव्हा. आता खान्देशातले महिला बचत गट बिबडे आणि पापड पाकिटात भरून विकतात. त्यांच्या लेबलावर बहुधा नऊवारीतली सुगरण किंवा चूल असते. म्हणजे पुन्हा छापच, आणि तो त्या मालाला शोभतो. घरगुतीपणा विकणाऱ्या पदार्थाला नाचरा ससा हवाच असे नाही.

केळीला चेहरा का नाही

१९४४ मध्ये केळी विकणाऱ्या अमेरिकेतल्या युनायटेड फ्रूट कंपनीने व्यंगचित्रकार डिक ब्राउन यांच्याकडून फळांची टोपी घातलेले ठुमकणारे केळे काढून घेतले. ही मिस चिकिता. तिच्या गाण्यात केळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, ती पिकल्याची खूण कोणती, असले उपयोगी सल्ले होते. १९६३ पासून तिचे चित्र चिकटपट्टी होऊन फळावर आले, आणि १९८७ मध्ये केळ्याची चक्क बाई झाली.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मृगबाग आणि कांदेबाग असे लागवडीचे दोन हंगाम चालतात, आणि सावदा-रावेरहून रेल्वेने व ट्रकने केळी उत्तरेत जातात. माल इतका असूनही त्याला चिकितासारखा चेहरा मिळाला नाही. घड हिरवा असतानाच कापतात, आणि फळ पिकते ते दिल्लीकडच्या बाजारातल्या पिकवण केंद्रात. तिथून फण्या सुट्या होऊन हातगाडीवर जातात. बागाईतदार, व्यापारी, पिकवणारा आणि गाडीवाला हे चार हात बदलताना फळ कुठले हे सांगण्यात कुणाचाच फायदा नसतो. चिकिताची बाग, जहाज आणि विक्री एकाच कंपनीच्या ताब्यात होती, म्हणून चित्राचा खर्च तिला परवडला. अलीकडे निर्यातीसाठी पॅकहाउसमध्ये फण्या धुऊन, खोक्यात भरून, वर स्टिकर लावून जाऊ लागल्या आहेत. पण त्या स्टिकरवरही बहुतेक नावच असते, पात्र नाही.

टीका आणि नियम

चित्रपात्रांवरचा पहिला आक्षेप प्रतिमांविषयीचा. आंट जेमायमा या पॅनकेक पिठावरची हसरी कृष्णवर्णीय स्वयंपाकीण १८८९ पासून चालत आली होती. गुलामीच्या काळाचे गोंडस चित्र म्हणून तिच्यावर टीका झाली आणि २०२१ मध्ये ते नावही गेले. दुसरा आक्षेप मुलांविषयीचा, आणि तो जास्त गंभीर. लहान मुलाला जाहिरात आणि गोष्ट यांतला फरक कळत नाही. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ किंवा चरबी जास्त असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर मुलांना खेचणारी चित्रपात्रे बंद केली, आणि मेक्सिकोनेही पुढे तसाच नियम केला. भारतात वेष्टनावरील चित्रांना अशी सरसकट बंदी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकणे व त्यांची जाहिरात करणे मना केले आहे. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मुलांच्या वाहिन्यांवर जंक फूडच्या जाहिरातींना मनाई केली.

खेड्यातल्या किराणा दुकानात मात्र दोरीला लटकणाऱ्या माळेतच टीव्हीवरच्या पात्रांसारखे दिसणारे, पण नेमके कुणाचे ते न कळणारे पहिलवान आणि उंदीर पोंग्यांच्या पाकिटांवर छापलेले दिसतात. आत कधी प्लास्टिकचे खेळणे, कधी स्टिकर. पोराला खाऊपेक्षा तेच हवे असते. लहान गावात शाळा, ग्रामपंचायत, मारुतीचा पार आणि हे दुकान सगळेच ५० मीटरच्या आत येते. तिथे नियम अक्षरशः पाळायचा तर दुकानच उचलून न्यावे लागेल.