चर्चवास्तूंतील छोटी संगीतसभागृहे

मूळ ख्रिस्ती उपासनेसाठी बांधलेल्या, परंतु नित्य उपासना थांबल्यानंतर मैफलींसाठी कायमच्या रूपांतरित केलेल्या ऐतिहासिक वास्तू. आसनसंख्या बहुधा २०० ते ९०० च्या दरम्यान असते. चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांचे, लहान दालनासाठीचे संगीत), एकल गायन-वादन, समूहगान व लहान वाद्यवृंद हे त्यांचे मुख्य क्षेत्र. उपासना चालू असलेल्या चर्चमध्ये प्रसंगोपात्त होणाऱ्या मैफली या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत. मात्र उगमाच्या प्रश्नात त्यांना वगळता येत नाही.

उगम : हा प्रकार केव्हापासून मोजावा, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. चर्चमध्ये उपासनेपासून वेगळी अशी मैफल एवढाच निकष लावला, तर जर्मनीतील ल्यूबेक येथील सेंट मेरी चर्चमधील ‘आबेन्डमुझिक’ या सायंमैफलींपर्यंत मागे जावे लागते. त्यांचा आरंभ सामान्यतः ऑर्गनवादक फ्रांट्स टुन्डर याच्याकडे, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराकडे नेतात. १६६८ मध्ये त्याच्या जागी आलेल्या डीट्रिख बुक्स्टेहूडने त्यांना नावलौकिक मिळवून दिला. खर्चाचा भार शहरातील व्यापारी उचलीत. तिकीट लावून होणारी मैफल हा निकष धरल्यास लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलचे प्रार्थनामंदिर पुढे येते. तेथे १७५० मध्ये संगीतकार हँडेलने आपली ‘मसाया’ ही धार्मिक गानरचना अनाथ मुलांच्या मदतीसाठी सादर केली. परंतु ही दोन्ही ठिकाणे उपासनास्थाने म्हणूनच चालू राहिली. वास्तूचा हेतूच बदलला जाणे ही गोष्ट निराळी असून तिची पार्श्वभूमी अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातील सम्राट दुसरा योझेफ याने १७८० च्या दशकात अनेक मठ बंद केले, फ्रान्समध्ये १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली आणि जर्मन प्रदेशांत १८०३ च्या ठरावाने तेच घडले. रिकाम्या झालेल्या वास्तूंची कोठारे, तबेले, बराकी झाल्या. संगीताच्या वाट्याला त्यांतल्या थोड्याच आल्या. आजच्या अर्थाने हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

प्रसार : पश्चिम युरोपात महायुद्धातील पडझड, शहराच्या मध्यभागातून हललेली वस्ती आणि उपासकांची घटती संख्या ही कारणे एकत्र आली. लंडनचे सेंट जॉन्स स्मिथ स्क्वेअर हे बहुचर्चित उदाहरण होय. १७११ च्या कायद्यान्वये लंडनमध्ये पन्नास नवी चर्च बांधण्याचे ठरले होते, त्यांपैकी हे एक. टॉमस आर्चरच्या आराखड्यानुसार ते १७१३ ते १७२८ या काळात बांधले गेले. राणी अ‍ॅनने पायाजवळचे चौरंगवजा आसन लाथेने उलटे केले आणि ‘असे बांधा’ म्हणून सांगितले, अशी त्याच्या चार मनोऱ्यांची आख्यायिका आहे. दलदलीच्या जमिनीत इमारत सर्व बाजूंनी सारखी बसावी म्हणून मनोरे घातले, हे स्पष्टीकरण कमी रंजक पण अधिक संभाव्य. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले आणि १९६९ मध्ये जोन सदरलंड हिच्या गायनाने संगीतसभागृह म्हणून उघडले. त्याच शहरातील ओल्ड स्ट्रीटवरचे सेंट ल्यूक (१७३३) जमीन खचल्यामुळे सोडून द्यावे लागले. छप्पर उतरवल्यावर कित्येक वर्षे नुसत्या भिंती उभ्या होत्या. २००३ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे केंद्र म्हणून ते सुरू झाले. तत्पूर्वी तळघर व आवारातून एक हजाराहून अधिक दफनांचे अवशेष हलवावे लागले. अशा रूपांतरांत हा खर्च व विलंब अनेकदा हिशेबात नसतो. एडिंबरोचा क्वीन्स हॉल (मूळ प्रार्थनामंदिर १८२३, सभागृह १९७९) आणि माँट्रिऑलचे बूर्जी सभागृह (मूळ चर्च १८९४, सभागृह २०११) ही अन्य उदाहरणे. बूर्जीमध्ये टिफनीच्या रंगीत काचांच्या खिडक्या जतन केल्या आहेत.

पूर्वेकडे चित्र वेगळे होते. तेथे पुढाकार शासनाचा होता. पूर्व जर्मनीत फ्रँकफुर्ट (ओडर) येथील फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचे १९६७ मध्ये, हाल येथील उल्रिख चर्चचे १९७६ मध्ये आणि माग्डेबुर्ग येथील मठ-चर्चचे १९७७ मध्ये संगीतसभागृह झाले. फ्रँकफुर्टच्या सभागृहाला कार्ल फिलिप एमानुएल बाखचे आणि माग्डेबुर्गच्या सभागृहाला टेलेमानचे, अशी संगीतकारांची नावे दिली गेली. कीव्हचे सेंट निकोलस चर्च (१८९९–१९०९) १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑर्गन व चेंबर म्युझिकचे सभागृह झाले. २०२१ मध्ये तेथे आग लागली. नॉयब्रांडेनबुर्गचे मरीयन चर्च १९४५ मध्ये उद्ध्वस्त झाले होते. फिनिश वास्तुकार पेक्का साल्मिनेन याने जुन्या विटांच्या भिंतींच्या आत नवे सभागृह उभारले (२००१).

ध्वनिगुण : चर्चमध्ये संगीत चांगले लागते, हा समज सरसकट खरा नाही. ध्वनी थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. चेंबर म्युझिकला तो सु. १.३ ते १.७ सेकंद, मोठ्या वाद्यवृंदाला सु. १.८ ते २.२ सेकंद असावा, असे मानतात. मोठ्या दगडी गॉथिक चर्चमध्ये तो पाच सेकंदांच्याही पुढे जातो; तेथे संथ समूहगान शोभते, पण चार वाद्यांच्या जलद रचनेचे स्वर एकमेकांत मिसळून जातात. वॉलेस सॅबिन याने १८९० च्या दशकात हार्व्हर्ड येथे मांडलेल्या सूत्रानुसार घनमीटरांतील आकारमानाला ०.१६१ ने गुणून, चौरस मीटरांतील एकूण शोषणाने (पृष्ठभाग व माणसे किती ध्वनी शोषतात याच्या मापाने) भागले की निनादकाल मिळतो. समजा, ३,००० घ. मी. च्या चर्चमध्ये भिंती, छत व लाकडी बाक मिळून १७० चौ. मी. शोषण आहे. रिकामे असताना निनादकाल सु. २.८ सेकंद येईल. दरडोई अर्धा चौ. मी. धरून ३०० श्रोते बसले, की तो सु. १.५ वर उतरेल. म्हणजे दुपारी तालीम केलेले सभागृह आणि रात्रीचे सभागृह ही, ध्वनीपुरती, दोन वेगळी सभागृहे असतात. हिवाळ्यात श्रोते जाड कोट अंगावर ठेवून बसले तर फरक आणखी वाढतो.

छोट्या रूपांतरित चर्चच्या यशाचे श्रेय पुष्कळदा दगडाला आणि उंचीला दिले जाते. प्रस्तुत लेखकाला ते प्रवचनाला द्यावेसे वाटते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट चर्च धर्मोपदेशकाचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा म्हणून बांधलेली होती : लांबट पेटीसारखा आकार, बेताची रुंदी, तिन्ही बाजूंना सज्जे, लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेले सपाट छत. अरुंदपणामुळे बाजूच्या भिंतींवरून परावर्तित ध्वनी श्रोत्याकडे लवकर येतो, सज्ज्यांचे कठडे तो विखुरतात, आणि गिलाव्याचे छत खर्जातील ऊर्जा थोडी शोषून घेते. जुनी नामांकित संगीतगृहे जवळपास याच साच्याची आहेत. घुमट व अर्धवर्तुळाकार वेदीभाग मात्र ध्वनी एका जागी गोळा करतात. तेथे परावर्तक फलक टांगावे लागतात. ध्वनिवर्धक लावून होणाऱ्या संगीताला लांब निनाद मारकच ठरतो. म्हणून १८८० च्या सुमाराच्या प्रार्थनागृहात १९६८ पासून चालणाऱ्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या पॅराडिसोसारख्या रॉक संगीताच्या ठिकाणांचे प्रश्न वेगळे असतात.

ध्वनिकुंभ : मध्ययुगीन चर्चच्या भिंतींत व कमानींत, तोंड आतल्या बाजूस ठेवून चिणलेली मातीची मडकी फ्रान्स, स्वीडन, डेन्मार्क आदी देशांत आढळतात. ती प्राचीन रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअसने रंगमंदिरांसाठी वर्णिलेल्या काशाच्या भांड्यांची परंपरा असावी, असे एक मत आहे. फ्रान्समधील मेत्स येथील सेलेस्टीन मठाच्या बखरीत १४३२ साली गाणे चांगले व्हावे म्हणून मडकी बसवल्याची नोंद आहे, आणि त्यामुळे गाणे सुधारले का याविषयी बखरकारच साशंक आहे. असा कुंभ एका अरुंद स्वरपट्टीतच काम करतो. प्रचंड आकारमानात काही डझन मडक्यांचा परिणाम नगण्य असणार. हेतू ध्वनीचा आणि फळ अल्प, हे अनुमान सर्वांत कमी अडचणीचे. रूपांतर करताना ही तोंडे गिलाव्याने बुजवू नयेत, एवढे खरे.

विधी व कायदा : कॅथलिक धर्मसंहितेच्या (१९८३) १२२२ व्या कलमानुसार बिशप चर्चला लौकिक, परंतु हीन नव्हे अशा वापरासाठी मुक्त करू शकतो. संगीत या अटीत सहज बसते. उपासना चालू असलेल्या चर्चमधील मैफलींविषयी व्हॅटिकनने १९८७ मध्ये स्वतंत्र पत्र काढले. त्यात धार्मिक संगीताचा आग्रह व विनामूल्य प्रवेश अपेक्षित आहे. रूपांतरित वास्तूला ही बंधने लागत नाहीत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९६८ च्या ‘पास्टरल मेझर’ या चर्चविषयक कायद्याने अनावश्यक ठरलेल्या चर्चच्या पुनर्वापराची रीत घालून दिली.

श्रोत्यांच्या दृष्टीने : जमीन सपाट असल्याने मागच्या रांगांतून वादकांचे हात दिसत नाहीत. खांबांमागच्या जागा स्वस्त असतात आणि त्या तशा का आहेत हे बसल्यावर कळते. सज्ज्याखालच्या मागील बाकांवर ध्वनी मंद पोहोचतो. सज्ज्याची पुढची रांग सहसा उत्तम. मूळ बाक राखले असतील तर ते कठीणच असतात. उपाहारगृह व प्रसाधनगृहे बहुधा तळघरात असून मध्यंतरात तेथील अरुंद जिन्यावर गर्दी होते.